टोपीवाला घरी पोचला का?

२ फेब्रुवारी, रविवार

आज जेवताना लहानपणच्या टीव्हीचा विषय निघाला. म्हणजे मीच काढला. आमच्याकडे काळापांढरा टीव्ही होता तेव्हा बातम्या संपल्या की कधीमधी एक परदेशी कार्टून लागायचं. मोठ्यांचं. ते सुरू झालं की बाबा आम्हा दोघा भावंडांना आतल्या खोलीत पिटाळायचे. मी ते तरीही पाहिलेलं आहे. दाराच्या फटीतून.

गोष्ट अशी. गोल टोपी घातलेला एक जाडा माणूस. त्याचं घर इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि इमारत रोज एका मजल्याने वाढते. ऑफिस सुटलं की बिचारा जिने चढत सुटतो. वाटेत काय काय भेटतं. एक बाई माशाला आंघोळ घालते. दोघे भाऊ वाटणीसाठी पियानो करवतीने कापत बसलेत. एका म्हातारीचं श्वासांचं दुकान आहे, दमलेल्या माणसाला ती सुटे श्वास विकते. वरून टोपीवाल्याची बायको दोरीला बांधून जेवणाचा डबा सोडते आणि दोरी दर वेळी जराशी कमी पडते.

शेवट आठवत नाही. तो घरी पोचला की नाही, तेवढंच आठवत नाही. बाकी माझी स्मरणशक्ती शाबूत आहे.

बायको शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे कल्पनेशी तिचा संबंध बेताचा. म्हणाली, परवा गॅसवर दूध ठेवलेलं तुला आठवलं नाही आणि तेव्हाचा मासा आठवतो. दुधाची स्मरणशक्ती वेगळी आणि कलेची वेगळी.

संकल्प: हे कार्टून शोधून काढायचं. आठवड्याभराचं काम आहे.

३ फेब्रुवारी

इंटरनेटवर ‘गोल टोपी जाडा माणूस जिना’ असं टाकलं. आधी टोप्यांची दुकानं आली. मग जाड माणसांनी जिने चढावेत का, यावर डॉक्टरांचे लेख. तेव्हापासून फोन मला वजन कमी करण्याच्या जाहिराती दाखवतोय. यंत्राला संदर्भ कळत नाहीत.

ऑफिसात मात्र थोडं काम उरकलं. मी लिफ्टच्या कंपनीत तक्रार विभागात आहे. दिवसभर माणसांशी बोलणं होतं, त्याचा उपयोग करून घ्यायला हवा. एक गृहस्थ फोनवर फार चिडले होते. आवाजावरून माझ्याच वयाचे वाटले. त्यांना शांत करावं म्हणून विचारलं, लहानपणी तुम्ही टोपीवाल्याचं कार्टून पाहिलं होतं का. त्यांनी जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. ते अडकलेल्या लिफ्टमधूनच बोलत होते, हे नंतर समजलं.

६ फेब्रुवारी

जुन्या टीव्ही कार्यक्रमांच्या शौकिनांचा एक ग्रुप सापडला. सभासद झालो. सविस्तर लिहिलं: कथा, शैली, माझं बालपण, माझ्यावर झालेले संस्कार. पुष्कळांनी अंगठे दाखवले, म्हणजे वर केलेले.

‘अँटेना’ नावाच्या कुणा इसमाने एवढंच विचारलं, फटीतून तुम्हाला नेमकं किती दिसत होतं?

हा काय प्रश्न झाला. लिहिलं, दिसायचं तेवढं दिसत होतं, डोळे ज्याचे त्याचे. ग्रुपवर असे लोक असायचेच. स्वतःला काही आठवत नाही आणि दुसऱ्याचं बघवत नाही.

८ फेब्रुवारी

ताईचा फोन. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, तिचं औषधांचं दुकान आहे. भावजी गेल्यापासून एकटीच चालवते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे म्हणाली. उजव्याचं ऑपरेशन सत्तावीस तारखेला, डाव्याचं नंतर. सकाळी हॉस्पिटलात सोडशील का, असं चाचरत विचारलं. म्हटलं, सोडशील का म्हणजे काय, भाऊ कशासाठी असतो. तिला बरं वाटलं असावं.

बायको म्हणाली, कार्टूनचं ताईंनाच विचार की, त्याही त्याच खोलीत होत्या.

होती, पण पलंगावर पडलेली असायची. आणि मुळात ताई ही सरळ रेषेत विचार करणारी बाई. दिवसभर औषधांच्या बाटल्यांवरच्या तारखा वाचते. तिला काय विचारायचं? उगाच साक्षीपुरावा गढूळ व्हायचा.

११ फेब्रुवारी

आनंदाची बातमी. कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात कर्मचाऱ्यांचे कलागुण असा एक कार्यक्रम असतो. दर वर्षी लेखा विभागातला एकजण शिट्टीवर गाणी वाजवतो आणि सगळे सहन करतात. यंदा मी व्याख्यान देणार. विषय: ‘जिना आणि माणूस: एका हरवलेल्या कलाकृतीचा शोध’. साहेबांनी वीस मिनिटं दिली. फक्त दारातून बाहेर पडताना म्हणाले, जिना कशाला, आपण लिफ्ट विकतो. म्हटलं, तोच तर मुद्दा आहे. कुठला मुद्दा, हे त्यांनी विचारलं नाही. बरं झालं.

म्हणजे आता मेळाव्याआधी कार्टून मिळायला हवं. मिळेलच.

१५ फेब्रुवारी

ग्रुपवर सूचनांचा पाऊस. पाणबुडीत राहणारी मांजर. दात दुखणारा राजा. एका बाईंनी तर बोलणारी किटली पाठवली आणि हेच ना, असं विचारलं. त्यांना नम्रपणे लिहिलं की किटली आणि माणूस यांत फरक असतो.

पण तिघांना मासा आठवला. तिघांना. मी हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तू मासा लिहिल्यावर आठवला की आधी? मग त्यातल्या एकाने मासा नारिंगी होता असं लिहिलं. टीव्ही काळापांढरा होता. त्याला साक्षीदारांतून वगळलं. दोन उरले.

बायको पुन्हा म्हणाली, ताईंना विचार. तिचं हे एक टुमणं होऊन बसलं आहे.

१८ फेब्रुवारी

व्याख्यान लिहायला घेतलं. लिहिता लिहिता लक्षात आलं की हे कार्टून दाबून टाकलेलं असणार. घरी पोचण्यासाठी आयुष्यभर चढत राहणारा नोकरदार, म्हणजे सरळसरळ व्यवस्थेवर टीका आहे. श्वाससुद्धा विकत घ्यावा लागतो, यात काय काय आलं. बाबांनी आम्हाला खोलीत पिटाळलं ते उगाच नाही. त्यांनाही धोका कळला असणार. बाबा जकात नाक्यावर कारकून होते. वरून करडे वाटायचे, पण आतून पुष्कळ कळत असावं.

पहिली पानं बायकोला वाचून दाखवली. ती उत्तरपत्रिका तपासत होती. मान डोलवत होती, म्हणून पानं तिच्यापुढे ठेवली. चहा घेऊन आलो तर माझ्या दुसऱ्या परिच्छेदाला तिने लाल शाईने ‘आधार काय?’ असं लिहिलं होतं. चुकून झालं म्हणाली, हात सवयीने चालला.

२१ फेब्रुवारी

साहेबांनी वीसची दहा मिनिटं केली. शिट्टीवाल्याने एक गाणं वाढवलं आहे म्हणे. हरकत नाही. मोठे विचार थोडक्यात मांडता येतात.

दुपारी पुन्हा बोलावणं. आता पाच, आणि जेवणानंतर. साहेबांनी विचारलं, शेवटी लिफ्ट चांगली असं काही म्हणता येईल का? मी विचार करतो म्हणालो. कलावंताला तडजोड करावी लागते, पण ती त्याच्या चेहऱ्यावर दिसली पाहिजे. मी चेहऱ्यावर दाखवली. साहेब तेव्हा फोनवर होते.

२४ फेब्रुवारी

अँटेनाचा निरोप. एका संग्राहकाकडच्या जुन्या टेपांमध्ये काहीतरी मिळतंय, टोपी आहे, जिना आहे, खात्री झाली की टाकतो.

मी या माणसाला माफ करायचं ठरवलं आहे. व्याख्यानात त्याचं नाव घेईन. शेवटी शेवटी, आभारांमध्ये.

ताईचा फोन आला होता. नंतर करतो म्हणालो. राहिलंच.

२६ फेब्रुवारी

उद्या ताई. गाडीत हवा भरून आणली, मागची सीट झाडली. ताईला कळवलं, सकाळी वेळेत दारात उभा राहतो, तू फक्त खाली ये. ती म्हणाली, जमत नसेल तर टॅक्सी बघते. मी चक्क रागावलो. माझ्यावर इतकाही विश्वास नाही का? ती म्हणाली, बरं, छोट्या.

मी पन्नाशीला आलोय. तरी छोट्या.

२७ फेब्रुवारी, सकाळी

आंघोळ करून तयार. निघणार तोच अँटेनाने कार्टून टाकलं. ‘बहुतेक हेच’ एवढंच लिहिलंय. लहानसंच आहे. कॉम्प्युटरवर बघून लगेच निघतो.

२७ फेब्रुवारी, थोड्या वेळाने

हे ते नव्हे.

म्हणजे टोपी तीच आहे. माणूस तोच, जाडा, मिशीसकट. सुरुवातीची ती टुणटुण वाजणारी धून ऐकली आणि अंगावर काटा आला, तीही तीच. पण हा माणूस दारू प्यायलेला आहे. जिना चढतो, पडतो. चढतो, पडतो. चुकीचं दार उघडतो, आत एक बाई टबात आंघोळ करते आहे, ती बादली फेकून मारते, हा गडगडत खाली. शेवटी पडद्यावर पाटी येते: मद्यपान टाळा, घरी सुखरूप पोचा. आरोग्य खात्याने वाटलेली फिल्म आहे.

कापलेली प्रत असणार. मधला भाग कुणीतरी काढून टाकला आहे. पुन्हा बघतो.

२७ फेब्रुवारी, त्यानंतर

मासा नाही. पियानो नाही. म्हातारी नाही. दोरी नाही. अगदी थांबवून थांबवून पाहिलं. बाई मात्र प्रत्येक वेळी बादली मारते.

अँटेनाला लिहिलं की ही प्रत अपुरी आहे. त्याने लिहिलं, पूर्ण आहे, पाटीसकट. मी लिहिलं की पाटी नंतर चिकटवली असेल. त्याने लिहिलं, कोणी आणि का? मी लिहिलं, तेच तर शोधायचं आहे. किटलीवाल्या बाईंनी मध्येच हसरा चेहरा टाकला. त्यांनाही दोन शब्द सुनावले. मग त्या दोन साक्षीदारांना जाहीर आवाहन केलं की पुढे या. एकाने लिहिलं, मी दुसऱ्याच कुठल्यातरी माशाबद्दल बोलत होतो. दुसरा ग्रुप सोडून गेला.

२७ फेब्रुवारी, दुपारी

ताई टॅक्सीने गेली.

फोन गाडीच्या किल्लीजवळ आवाज बंद करून ठेवला होता. तिचे तीन आणि बायकोचे बरेच फोन येऊन गेलेले. ताई खाली फाटकापाशी उभी होती. येणाजाणाऱ्या गाड्यांपैकी माझी कुठली, ते तिला नीट दिसत नव्हतं. दोनदा भलत्याच गाडीला हात केला म्हणे. शेवटी पहारेकऱ्याने टॅक्सी बोलावून दिली. बायको शाळा अर्धी टाकून हॉस्पिटलात पोचली. कागदांवर जवळचे नातेवाईक म्हणून तिने सही केली.

ऑपरेशन नीट झालं.

मी पोचलो तेव्हा ताईला घरी न्यायची वेळ झाली होती. बायको माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. ताई म्हणाली, टॅक्सीवाला चांगला होता, हळू चालवत होता. हे मला बोलून दाखवायला म्हणाली नाही. ती असं कधी बोलून दाखवत नाही. म्हणून जास्त लागलं.

वास्तविक सगळा दोष अँटेनाचा. संध्याकाळी टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?

२८ फेब्रुवारी

रजा टाकून ताईकडे गेलो. साहेबांनी फोनवरच सांगून टाकलं की मेळाव्यात वेळ कमी आहे, व्याख्यान पुढच्या वर्षी बघू. ठीक, म्हटलं. मला वाटलं होतं तेवढा राग आला नाही.

ताई आरामखुर्चीत. उजव्या डोळ्यावर पारदर्शक वाटी चिकटवलेली, डाव्याने सगळं धुरकट. तिला चहा करून दिला. काहीतरी बोलायला हवं म्हणून कार्टूनचं सांगितलं. तिला बघता येणार नव्हतं, म्हणून मी वर्णन केलं: दारुड्या, जिना, टब, बादली, पाटी. म्हटलं, सगळा आत्मा काढून घेतला आहे त्यातला. माशाची बाई नाही, पियानोवाले भाऊ नाहीत, श्वासांचं दुकान नाही.

ती म्हणाली, श्वासांचं दुकान? ते अजून लक्षात आहे तुझ्या?

तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. माझी गादी कपाटाच्या आड असायची. तिथून दार दिसतच नव्हतं. समोरच्या भिंतीवर टीव्हीचा उजेड लुकलुकायचा, तेवढाच. फट होती ती तिच्या पलंगासमोर. मी घडीघडीला विचारायचो, आता काय झालं. खरं सांगितलं, माणूस पडला, माणूस उठला, की मी रडून बाहेर जायचा हट्ट धरायचो आणि बाबा दोघांनाही ओरडायचे. शिवाय ते कार्टून लागलं असेल चार-दोनदा. मी मात्र रोज विचारायचो. मग ती काहीही सांगायची.

काहीही म्हणजे, मी विचारलं. ती म्हणाली, सुचेल ते. टबातली बाई तुला कशी सांगणार? म्हणून टबात मासा घातला.

आणि दुकान?

तुला धाप लागायची ना, म्हणाली. छाती वाजायची तुझी. आई तव्यावर फडकं गरम करून आणेपर्यंत तू घाबराघुबरा व्हायचास. म्हणून म्हातारी काढली. ती एक श्वास द्यायची, तो संपेपर्यंत दुसरा द्यायची नाही. तू तिच्या दुकानात उभा राहून सावकाश श्वास घ्यायचास.

मला धाप लागायची हे मला आठवत नाही. थोडा दम लागत असेल. मुलांना लागतो.

विचारावं की नाही असं वाटत होतं, तरी विचारलं. तो घरी पोचला का? ती हसली. म्हणाली, शेवट मी केलाच नाही रे कधी. त्याच्या आधीच तू झोपायचास. मग मीही झोपायचे.

तिने रिकामा कप बाजूच्या टेबलावर ठेवायला हात पुढे केला, पण टेबल तिला वाटलं त्याहून पलीकडे होतं. कप मी घेतला.

१ मार्च

ग्रुपवर निवेदन दिलं. ‘दीर्घ संशोधनाअंती असं निष्पन्न झालं आहे की सदर कलाकृती मुळात पडद्यावर आलीच नव्हती. ती आमच्या घराण्यातच निर्माण झाली.’ अँटेनाने विचारलं, निर्मिती कोणाची? बराच वेळ विचार करून ‘भावंडांची’ असं लिहिलं. प्रश्न विचारणाराही निर्मितीत असतोच. मी ‘आता काय झालं’ असं विचारलं नसतं तर तिने पुढचं सांगितलं असतं का?

बायकोने तो निरोप वाचला. नुसतं माझ्याकडे बघितलं. मग मी तो बदलून ‘माझ्या बहिणीची’ असं केलं. अँटेनाने लिहिलं, त्यांना नमस्कार सांगा. माणूस तसा वाईट नसावा.

दुपारी ठरवलं की गोष्टीला शेवट नाही, ही उणीव मीच भरून काढायची. लगेच सुचला. टोपीवाला एका चांगल्या कंपनीला बोलावतो. ते लिफ्ट बसवतात. तो बटण दाबतो, थेट वर पोचतो, बायको दार उघडते. वर्षभर देखभाल मोफत. बायकोला ऐकवला. दोन दिवसांनी ती माझ्याशी पूर्ण वाक्य बोलली. म्हणाली, तुमच्या साहेबांना जाहिरात म्हणून फार आवडेल.

३ मार्च

ताईला आठवडाभर टीव्ही मना आहे, आणि तिची एक मालिका बुडते आहे. बायकोने सुचवलं की तू जाऊन सांग काय चाललंय ते. मी लगेच निघालो. इतकी वर्षं माणसांच्या तक्रारी ऐकून माझी निरीक्षणशक्ती तयार झाली आहे. वाटेत सूपही घेतलं.

टीव्ही लावला. ताई डोळे मिटून टेकून बसली. म्हणाली, सांग. म्हटलं, एक बाई उभी आहे. कशी, म्हणाली. म्हटलं, सरळ. तिने वाट पाहिली. मीही पाहिली. बाई बराच वेळ उभीच होती, त्याला मी काय करणार? मग म्हटलं, आता एक माणूस आला. कोण? कोट घातलेला. कसला कोट? कोटासारखा.

हे रंगत नाहीसं पाहून थोडी भर घातली. म्हटलं, त्या बाईच्या हातात एक पत्र आहे, ते वाचून तिचे हात थरथरताहेत. ताई म्हणाली, अरे, ती फोनवर बोलतेय, मला ऐकू येतंय. म्हटलं, पत्र दुसऱ्या हातात आहे. मग त्या कोटवाल्याचा एक हत्ती दाराबाहेर उभा केला. हत्ती का, असं तिने विचारलं. मला सांगता येईना. पुढे हत्तीचं काय करायचं तेही सुचेना, म्हणून त्याला तिथेच ठेवून पुन्हा बाईकडे आलो. ती अजून उभी होती.

ताईने माझ्या हातावर थोपटलं. म्हणाली, दमला असशील, राहू दे. रेडिओ लाव.

लावला. धान्याचे बाजारभाव चालले होते. पुढचं स्टेशन लावू का, असं विचारलं तर नको म्हणाली. ती सूप पीत शेवटपर्यंत ऐकत बसली.